तुळजामावशीची सकाळची गोळी

लोक मला तापट म्हणतात. म्हणू द्या. पिठाची गिरणी चालवायची म्हणलं की ओरडूनच बोलावं लागतं, आणि सवय एकदा लागली की लागली. घरी गेल्यावर ‘आवाज खाली कर’ म्हणणारं कोणी असतं तर केलाबी असता. मालक जाऊन लई वर्षं झाली, लेकरूबाळ न्हाई. संध्याकाळी गिरणीचं शटर ओढलं की दुसऱ्या दिवशी उचलीपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई. टीव्ही लावते, पण टीव्हीसंग किती भांडणार?

आमची वस्ती घनसावंगीच्या पार टोकाला. नळाचं पाणी आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतं आणि डांबर तर अजून यायचंच आहे. कोणी ऊसतोडीला जातं, कोणी कापूस वेचायला, कोणी हमालीला. बीपी म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार, असं आम्ही धरून बसलो होतो. दवाखान्यात जायचं तर दिवसाची मजुरी बुडवा, बाकावर ताटकळत बसा, आणि आत गेलं की हातबी न लावता लांबूनच इचारणार, काय होतंय? आता काही होतच नसलं तर बाईनं सांगायचं काय! बीपीचं तेच तर आहे. ते काही कळू देत न्हाई, आणि एक दिवस माणसालाच घेऊन जातं.

आमच्या वस्तीतल्या कडूबाला तसंच नेलं. माणूस चाळिशीचाबी नव्हता. फडात उसाची मोळी डोक्यावर घेतली आणि खाली बसला, तो परत उठलाच न्हाई. त्याचं बीपी जन्मात कोणी मोजलेलं नव्हतं.

त्याचा तेरावा झाला आणि मीना माझ्या गिरणीत आली. मीना आमच्या वस्तीची आशा ताई, सरकारी दवाखान्याचं काम घरोघर बघणारी, इथलीच सून. म्हणाली, “साधनाक्का, बायका दवाखान्यात येत न्हाईत, पण ज्वारी दळायला तर येतात ना? बीपीचं मशीन तुमच्या गिरणीत ठेवू.” मी म्हणलं, ठेव. मला काय, एक स्टूल जाणार. पण बीपी मोजायला माणूस शांत बसावं लागतं, आणि गिरणी चालू असली की भिंती थरथरतात. मंग काय, हात पट्ट्यात गेला की मी गिरणी बंद करायची. लाइनीतल्या बायका ओरडायच्या, “अगं साधना, माझं दळण!” मी म्हणायचे, “गप बसा, तुमचंबी मोजणार आहे.” अशी आम्ही सगळी वस्ती मोजली. निम्म्या बायकांचं चढलेलं. कमरबीचं इतकं चढलेलं की मीनानं दोनदा मोजलं, तर कमरबी म्हणती कशी, “मशीन खराब है तेरी, मी तर बिलकुल ठणठणीत!”

दवाखान्यातनं गोळ्या आल्या, पण गोळी आली म्हणून पोटात जाती असं थोडंच आहे? डोकं दुखलं की खायची, राह्यलं की सोडायची. कोणी आपली गोळी जावेला दिली, कोणी नवऱ्याला. मंग आम्ही गिरणीत बसून एक ठरवलं. जिचं बीपी चढलेलं, तिच्या घरी वस्तीतलीच एक बाई रोज सकाळी जाणार. गोळी घशाखाली उतरलेली डोळ्यांनी बघणार, दोन शब्द बोलणार आणि मंग आपल्या कामाला जाणार. बीपी उतरून नीट बसलं की फेरी बंद, आणि त्या बाईला दुसरं घर. नियम सगळ्यांला पटला. त्यात काय चुकलंय, हे कोणाच्याच ध्यानात आलं न्हाई.

माझ्या वाट्याला तुळजामावशी आली. आली म्हणजे काय, कोणी घेईचना. एक तर तिचं घर नाल्यापलीकडं, आणि दुसरं म्हणजे मावशी एकदा बोलायला लागली की सोडत न्हाई. सत्तरीची बाई, एकटी राहायची. लेक भागवत जालन्याला, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात. त्याची बायको बियाण्याच्या कंपनीत. जुन्या जालन्यात एक खोली, एक लहान पोरगी. दिवाळीला यायचा, फराळ करायचा, जायचा.

पहिल्या सकाळी मी गेले तर मावशी झोपेतून उठल्ती नुसती. दुसऱ्या सकाळी अंगण झाडलेलं होतं. तिसऱ्या सकाळी चहा तयार, केसाला तेल लावलेलं, आणि दारात उभी राहून रस्ता बघून राह्यली.

“आली गं माझी डॉक्टरीण!”

“डॉक्टरीण काय, गोळी घे आधी. मला गिरणी उघडायची आहे.”

“घेते की. बस तरी. तुला माझी कोंबडी काय म्हणली सांगू का काल?”

कोंबडी काय म्हणली, हे मी रोज ऐकायचे. भागवतचा बाप कसा चिडका होता, हेबी ऐकायचे. तिच्या लग्नात वरातीची बैलगाडी चिखलात रुतली ती गोष्ट तर मला पाठच झाल्ती. मी घाई घाई करायचे, चहा बशीत ओतून फुंकर मारायचे, पण उठायचे न्हाई. का उठत न्हाई, ते मी मला कधी इचारलं न्हाई.

तिच्या चुलीवर कधी भाजी दिसायची न्हाई. भाकरी आणि लोणचं, भाकरी आणि ठेचा. मी एकदा तडकले. “मावशी, मीठ कमी खा म्हणून मीनानं सांगितलंय ना? हे काय लावलंस?”

“एकटीसाठी काय भाजी टाकायची गं? टाकली तर दोन दिस पुरती. शिळी होती. वाढायला कोणी नसलं की हात चालत न्हाई बघ.”

माझ्या घरीबी तेच होतं. तरी मी तिची लोणच्याची बरणी उचलली आणि माझ्या घरी नेली. ती हसली, “चोरटी मेली!” म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून मी डब्यात तिच्यासाठी पालेभाजी न्यायला लागले, बिनमिठाची म्हणलं तरी चालंल अशी. ती तोंड वाकडं करून खायची, पण खायची.

आणि बीपी काही उतरंना.

मीना मोजायची आणि कपाळाला आठ्या घालायची. बाकीच्या बायकांचं उतरलं, कमरबीचंसुद्धा उतरलं, आणि मावशीचा वरचा आकडा एकशेसत्तरच्या खाली यायचं नाव घेईना. मीना तिला डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी तेच. मीनानं मला बाजूला घेतलं. “साधनाक्का, मला भ्या वाटतंय. असंच राह्यलं तर मावशीला लकवा मारंल. न्हाई तर कडूबासारखं होईल.”

त्या दिवशी माझं दळणात लक्ष न्हाई लागलं. एका बाईच्या गव्हात दुसरीची बाजरी पडली, केवढा तमाशा झाला. मी भागवतला फोन लावला. म्हणलं, आईचं बीपी उतरत न्हाई, एकदा येऊन जा. तो म्हणाला, “ताई, सुट्टी भेटत न्हाई. आमी दोघंबी ड्युटीवर. तुमी हायेत ना तिकडं.” मी काय बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाई. फोन ठेवल्यावरबी मी बोलतच होते.

मंग एका सकाळी असं झालं की मी मावशीला गोळी दिली, तिनं ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, तोंड उघडून दाखवलं. मी निघाले. नाल्यापर्यंत आले आणि ध्यानात आलं, फोन तिच्या खाटंवर राह्यला. तशीच माघारी फिरले. दार उघडंच होतं. मावशी मोरीत वाकलेली, बोट गालात घालून काहीतरी काढून राह्यली. पांढरी गोळी मोरीच्या फरशीवर पडली. मावशीनं वरून तांब्यातलं पाणी ओतलं.

मला काय झालं ते सांगता येत न्हाई. डोकं सणकलं. “मावशी!” असं ओरडले की कोंबडी बाहेर पळाली.

ती सरळ उभी राह्यली. तोंड पुसलं. चोरी सापडल्यावर लहान पोरगं बघतं तसं माझ्याकडं बघायला लागली.

“रोज हेच करतीस?”

तिनं रिकामा तांब्या खाली ठेवला.

“रोज? अगं, मी तुझ्यासाठी गिरणी उशिरा उघडते! बायका मला शिव्या घालतात! मीना तुला घेऊन डॉक्टरांकडं हेलपाटे घालती, डॉक्टर गोळ्या वाढवून राह्यलेत, आणि तू त्या मोरीत टाकतीस? मरायचंय का तुला? कडूबासारखं मरायचंय? सांग तरी, म्हणजे मी तरी सुटते!”

“मरायचं न्हाई गं,” ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात मावशी कधी बोलल्याचं मला आठवत न्हाई. “कमरबीचं बीपी उतरलं, तर तिच्याकडं जाणारी बाई जायची बंद झाली. कमरबीचं काय, तिचं घर माणसांनी भरलेलं. माझं उतरलं की तूबी यायची बंद होशील. मंग मी सकाळी उठून करू काय?”

मी खाटंवर बसले.

“तू येतीस म्हणून मी उठते,” ती म्हणाली. “न्हाई तर उठायचं कशाला? तू यायच्या आधी असे दिस जायचे की मला माझाच आवाज आठवायचा न्हाई. मुद्दाम कोंबडीला हाक मारायचे, आवाज निघतोय का बघायला. साधना, मला ते परत नको गं. त्यापरीस बीपी बरं.”

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला रागच येतो. मी रागानंच म्हणलं, “येडी हायेस का तू? कोण म्हणलं मी येणं बंद करीन?”

“नियमच हाय तुमचा.”

“चुलीत गेला नियम. गोळी घे. बीपी उतरलं तरी येईन. सोळा वर्षाच्या पोरीसारखी ठणठणीत झालीस तरी येईन.”

“समदे म्हणतात येतो. भागवतबी म्हणतो.”

“मी भागवत न्हाई,” मी म्हणलं. “घे गोळी. माझ्यासमोर. आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखव, आता माझा तुझ्यावर काडीचा इश्वास न्हाई.”

तिनं नवीन गोळी काढली, तळहातावर धरली, माझ्याकडं बघितलं, आणि गिळली. जीभबी वर करून दाखवली. दोघी हसलो. त्या सकाळी गिरणी किती उशिरा उघडली ते इचारू नका.

मीनाला मी सगळं सांगितलं. पोरगी घाबरली, वाढवलेली गोळी एकदम खरंच पोटात जायला लागली तर बीपी फार पडंल म्हणाली. पळतच डॉक्टरांकडं गेली, गोळी पहिल्यासारखी करून आणली. आणि मंग बीपी असं उतरायला लागलं की काय सांगू! उन्हाळा लागायच्या आधी एका दिवशी गिरणी बंद करून मोजलं तर आकडा बराबर. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कमरबी म्हणाली, “अगं बाई, तुळजाबाई तो जवान हो गई!” मावशी लाजली. टाळ्या थांबल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. येते उद्या.

आणि मी गेले. मीनानं मला दुसरं घर दिलं, तेबी घेतलं, पण आधी मावशीकडं. गोळी आता ती मी यायच्या आधीच काढून बशीत ठेवायची. भाजीसुद्धा तीच करायला लागली, दोघींपुरती. शेपूची, चुक्याची. मी तिथंच जेवायला लागले आणि मंग गिरणी. खरं सांगते, मालक गेल्यापासून मी एवढी सुखात नव्हते. सकाळी डोळा उघडला की पहिला इचार, आज मावशीला काय सांगायचं. रस्त्यानं जाताना कोणाची म्हैस सुटलेली दिसली तरी मी ध्यानात ठेवायचे, मावशीला सांगायला. पण हे तिला मी कधी बोलले न्हाई. मला असलं बोलायला येत न्हाई. मला ओरडायला येतं.

एका रविवारी मी गेले तर दारात टेम्पो उभा. भागवत आलेला. मावशीनंच त्याला फोनवर आनंदानं सांगितलं होतं, बीपी उतरलं, आता मी बिलकुल बरी. तो मला बघून उठला, पाया पडला. “साधनाताई, तुमचे लई उपकार. आता आईला न्यायला आलो. आजारी होती तोवर खोलीत एकटी कशी ठेवणार, आमी दिवसभर बाहेर. आता बरी झाली. आकांक्षाला सांभाळायला कोणी न्हाई, आईचा आधार होईल.”

मला म्हणायचं होतं, वा रे पठ्ठ्या, आजारी आई वस्तीची आणि बरी आई तुझी! जिभंच्या टोकावर आल्तं. पण मावशी आत ट्रंक भरत होती आणि तिचं तोंड मला दिसलं. लेक न्यायला आला म्हणून त्या तोंडावर जे होतं ना, ते मी कधी बघितलं नव्हतं. मी गिळलं सगळं.

भागवत खाट टेम्पोत चढवायला गेला, तशी मावशी माझ्याजवळ आली. माझं मनगट धरलं.

“साधना, जाऊ का गं?”

नुसतं इचारायचं म्हणून इचारत नव्हती. खरंच इचारत होती. मी न्हाई म्हणलं असतं तर खाट परत उतरवायला लावली असती तिनं, लेकाला वाईट वाटलं तरी. मला ते कळत होतं. पण मी कोण? शेजारीण. लेक नेतोय, नात वाट बघतीय, आणि मी मधी पाय घालू? आणि मला नीट बोलायला तरी कुठं येतं. मी मनगट सोडवलं आणि म्हणलं, “जा की. मला काय इचारतीस? माझं तेवढंच एक घर कमी होईल, सकाळची धावपळ तरी वाचंल.”

तिनं हात मागं घेतला. मंग “हां,” म्हणाली. “लई तरास दिला गं तुला.” आणि पदर डोक्यावर घेऊन टेम्पोत पुढं बसली. कोंबडी तिनं कमरबीला दिली. मला न्हाई दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार झाले, चपला घातल्या आणि दारातच थांबले. कुठं जायचं होतं मला? नवीन घरी गेले, तिथल्या बाईनं उभ्याउभ्या गोळी घेतली, तिला रोजगाराला जायचं होतं. गिरणी वेळेवर उघडली. बायका म्हणाल्या, आज सूर्य कुठून उगवला! दिवसभर मी इतकं ओरडले की घसा बसला. रात्री भाकरी खाल्ली, मावशीच्या त्याच लोणच्यासोबत. भाजी टाकायला हातच चालला न्हाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडायला आले आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, पण आवाज मावशीचा.

“साधना? मी गं. भागवत आणि सून ड्युटीवर गेले. पोरगी निजलीय. गोळी हातात घेऊन बसलेय, पण बघायला कोणी न्हाई. तुला सांगून घेते. ऐक हां.”

घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला.

“गिळली,” ती म्हणाली.

“जीभ वर केलीस का?”

“केली.” ती हसली, मंग म्हणाली, “तुझी धावपळ वाचली ना आता?”

मी गिरणीच्या पायरीवर बसले. बायका दळणाचे डबे घेऊन आल्त्या, कमरबी माझ्याकडंच बघून राह्यली होती. बघू दे, म्हणलं. जन्मात पहिल्यांदा मी हळू आवाजात बोलले.

“मावशी, मी खोटं बोलले गं. मला तुझ्याबिगर करमत न्हाई. घर खायला उठतं. मला म्हणायचं होतं, जाऊ नको.”

ती म्हणाली,

“मंग तवाच का न्हाई म्हणलीस? मी राह्यले असते.”

तिकडं पोरीचा रडण्याचा आवाज आला. मावशी म्हणाली, “उठली गं, ठेवते,” आणि फोन ठेवला.